‘एवढं वाचून काय मिळतं?’ आणि मला वारंवार विचारले जाणारे इतर प्रश्न

लग्नाच्या हॉलमध्ये, दवाखान्याच्या बाकावर, सोसायटीच्या मीटिंगमध्ये कोरम पुरा व्हायची वाट बघताना मी पुस्तक उघडलं की कुणीतरी काहीतरी विचारतंच. तीस-पस्तीस वर्षांत प्रश्न फारसे बदललेले नाहीत. मी मात्र दर वेळी काहीतरी थातुरमातुर बोलते आणि खरं उत्तर रात्री भांडी आवरताना सुचतं. ती सगळी उत्तरं इथे एकदाची लिहून ठेवली आहेत. ज्याने जसा विचारला तसाच प्रश्न ठेवला आहे, टोमण्यासकट.

बाप रे, एवढी पुस्तकं! सगळी वाचलीत?

नाही. मागच्या रंगकामाच्या वेळी मोजली तेव्हा अकराशेच्या आसपास भरली. त्यातली तीनशे तरी मी अजून उघडलेली नाहीत. हे ऐकून विचारणाऱ्याला जरा बरं वाटतं, असा माझा अनुभव आहे. लोणच्याच्या भरलेल्या बरणीकडे बघून ‘सगळं संपवलंत?’ असं कुणी विचारत नाही, पुस्तकांच्या कपाटाला मात्र हिशेब द्यावा लागतो.

वेळ कुठून काढता हो तुम्ही?

मी काढला नाही, मध्य रेल्वेने दिला. ३१ वर्षं डोंबिवली ते व्ही. टी., रोजचे जाऊन-येऊन अडीच तास. (त्या स्टेशनचं नाव माझ्या नोकरीत दोनदा बदललं, माझ्या तोंडी व्ही. टी.च राहिलं.) सकाळची गाडी म्हणजे उभ्यानेच. पर्स पोटाशी, एक हात वरच्या कडीत, दुसऱ्या हातात पुस्तक, आणि अंगठ्याने पान सरकवायचं. हे तीनशेच्या आतल्या पानांच्या, पेपरबॅक पुस्तकालाच जमतं. जाडजूड, पुठ्ठा बांधणीच्या ऐतिहासिक कादंबऱ्या मी फार कमी वाचल्या, याचं लोक काहीबाही वैचारिक कारण शोधतात. माझी आवडनिवड पुष्कळशी मनगटाने ठरवलेली आहे.

तेव्हा फास्ट गाड्या पारसिकच्या बोगद्यातून जायच्या. १९१६ सालचा बोगदा, सव्वा किलोमीटरच्या थोडा वर. दिवसा डब्यातले दिवे लागलेले नसले की वाक्याच्या मधोमध अंधार व्हायचा, आणि दीडेक मिनिटाने उजेड आला की बोट ठेवलेल्या ओळीवरून पुढे. एकदा असाच अंधार झाला. हातात उद्धव शेळके यांची ‘धग’ होती. वऱ्हाडातली कौतिक संसार सावरायला एकामागून एक खटपटी करते आणि एकेक हातातून निसटत जाते, अशा जागी मी होते. तर अंधारात माझ्या उजव्या कानाशी आवाज आला, “हे कधी सुधरायचं हो तिचं?”

माझ्या खांद्यावरून एक बाई वाचत होत्या. किती दिवसांपासून, देव जाणे. उजेड आल्यावर त्या लाजल्या. म्हणाल्या, “पान जरा हळू उलटत चला, मला खालच्या दोन ओळी मिळत नाहीत.” त्यानंतर सुमारे वर्षभर आम्ही दोघी एकच पुस्तक वाचत गेलो. त्या घाटकोपरला उतरायच्या. दुसऱ्या दिवशी गाडीत शिरल्या की आधी, “काल पुढे काय झालं?” मी घाटकोपर ते व्ही. टी. वाचलेलं त्यांना दिवा स्टेशनपर्यंत सांगायचे, मग दोघी पुढे वाचायचो. सांगायचं म्हणून मी जास्त लक्ष देऊन वाचायला लागले, हा माझा फायदा. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. गाडीत आपण नावं विचारत नाही, ‘कुठे उतरणार?’ एवढंच विचारतो.

आता निवृत्त झाल्यावर गंमत अशी झाली, की दिवसभर वेळ आहे आणि वाचन निम्म्यावर आलं. घरात खुर्चीत बसलं की कुकरची शिट्टी, दाराची बेल, फोन. शेवटी मी एक उपाय काढला. महिन्यातून दोनदा दुपारी रिकाम्या गाडीने कर्जतला जाते. खिडकी मिळते. बदलापूर सोडलं की डबा ओस पडतो. वांगणी, शेलू, नेरळ, भिवपुरी करत कर्जतला वडा-चहा घ्यायचा आणि त्याच गाडीने परत. ऐंशी-नव्वद पानं होतात. घरी ‘जरा बाहेर जाऊन येते’ म्हणून सांगते. मुलीला कळलं तेव्हा ती म्हणाली, “आई, तू वाचायला कर्जतला जातेस?” हो, जाते.

कादंबऱ्याच का वाचतेस? काही माहितीचं वाचावं माणसाने. *(मोठे दीर, दर गणपतीत)*

भाऊजी, माहितीचंही वाचते. धरणाची उंची, बुडालेली गावं, पाण्याखाली गेलेलं क्षेत्र, हे सगळं सरकारी अहवालात मिळतं आणि मी तेही वाचलं आहे, कारण नोकरीच तशी कागदांची होती. पण विस्थापिताला मोबदल्याच्या कागदासाठी कितव्यांदा तालुक्याला खेटा घालावा लागतो आणि त्या दिवशी त्याच्या पायात काय असतं, हे मला विश्वास पाटलांच्या ‘झाडाझडती’नंतर दिसायला लागलं. आमच्या टेबलासमोरही असे लोक उभे असायचे. ती कादंबरी वाचल्यावर मी फार चांगली कारकून झाले असं नाही. फक्त ‘उद्या या’ म्हणण्याआधी एकदा त्या माणसाच्या चपलांकडे बघायला लागले.

आणि ‘खोट्या गोष्टी’ म्हणाल, तर मराठी कादंबरीची सुरुवातच एका अतिशय खऱ्या दुखण्यापासून झाली. बाबा पदमनजींचं ‘यमुनापर्यटन’ १८५७ सालचं. पहिली मराठी कादंबरी म्हणून तिचंच नाव घेतात. यमुना आणि तिचा नवरा प्रवासाला निघतात आणि जागोजागी त्यांना विधवा भेटत जातात, त्यांचे हाल दिसत जातात. पुढे १८९०मध्ये हरिभाऊ आपट्यांनी ‘करमणूक’ साप्ताहिक काढलं आणि त्यात ‘पण लक्षात कोण घेतो?’ क्रमशः छापली. तिची नायिकाही यमुनाच, तिचं शेवटी केशवपन होतं, आणि सगळी हकीकत ती स्वतःच्या तोंडाने सांगते. पंचविशी-तिशीतल्या एका पुरुषाने आतल्या माजघरातल्या बाईच्या आवाजात शेकडो पानं लिहावीत, आणि ती बनावट वाटू नयेत, हे मला अजून नवल वाटतं. माझ्या आजीने ती कादंबरी वाचली नव्हती, मी तिला वाचून दाखवली. मधे एका ठिकाणी ती म्हणाली, “हा कुणाच्या घरात लपून बसला होता गं?” याहून चांगलं परीक्षण मी वाचलेलं नाही.

आमच्या भाऊजींना या उत्तराने काही फरक पडलेला नाही. यंदाही त्यांनी विचारलंच.

पण वाचलेलं लक्षात राहतं का सगळं? मला तर काहीच राहत नाही. मग उपयोग काय?

माझ्याही राहत नाही. हे मी पहिल्यांदाच इतकं उघड लिहिते आहे. १९८८पासून मी वहीत वाचलेल्या पुस्तकांची नावं लिहिते. परवा जुनी वही काढली. १९९३च्या पावसाळ्यात वाचलेल्या एका कादंबरीपुढे मी ‘फारच सुंदर!’ असं लिहून खाली दोन रेघा मारल्या आहेत. ती कशाबद्दल होती, मला सांगता येणार नाही. नायक होता की नायिका, तेही नाही. लेखकाचं नाव वाचूनही आत काही हलत नाही.

मात्र काही चिल्लर गोष्टी जन्मभर चिकटून बसतात. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’तला तरुण मास्तर पहाटेच्या अंधारात गावाकडे चालत निघतो, ते चालणं मला माझंच वाटतं. मी त्या कादंबरीतल्या माणदेशात उभ्या आयुष्यात एकदा गेले, तेही एसटीने, आणि खिडकीतून बाहेर बघताना ‘अरे, हे तर बघितलंय’ असं झालं. दुसऱ्या एका कादंबरीतलं मला फक्त ओल्या गोणपाटाचं पायपुसणं आठवतं. कथानक गेलं, पायपुसणं राहिलं.

पाठ करायला वाचायचं ते शाळेत. आठवड्यापूर्वी काय जेवलात ते सांगा बघू. नाही ना सांगता येत? तरी जेवण अंगी लागलंच.

सुरुवात करायची आहे. कुठली कादंबरी घेऊ?

तुम्ही कोण, काय करता, रात्री झोप कधी येते, हे माहीत नसताना नाव सांगणं म्हणजे न बघता चपलेचं माप सांगण्यासारखं आहे. तरी सांगतेच: लहान घ्या. वर म्हटलेली ‘बनगरवाडी’ १९५५ची आहे, आटोपशीर आहे, वाक्यं छोटी आहेत, आणि मेंढरं, धनगर, पाऊस न पडणं यांपलीकडे तीत नाट्य असं फारसं नाही. ती आवडली नाही तर तुम्हाला घडामोडी जास्त लागतात एवढं कळेल, तेही कामाचंच.

पुरस्काराची यादी हातात घेऊन सुरुवात करू नका. मी एका मैत्रिणीला वाढदिवसाला ज्ञानपीठवाल्या लेखकाची कादंबरी दिली होती, तिने पुढची चार वर्षं काही वाचलं नाही. चूक माझी, त्या कादंबरीची नव्हे.

पन्नास पानं झाली, कंटाळा आलाय. सोडू की रेटू?

सोडा.

हे एका शब्दात लिहिते आहे, पण शिकायला मला वयाची चाळिशी लागली. आमच्या पिढीला ताटात टाकायचं नाही आणि पुस्तक अर्धं सोडायचं नाही, दोन्ही एकाच दमात शिकवलेलं. एक नावाजलेली पाचशे पानी ऐतिहासिक कादंबरी मी तीन उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत तीनदा सुरू केली. तिन्ही वेळा दरबाराच्या त्याच वर्णनापाशी, त्याच झुंबरांखाली मला झोप लागली. चौथ्यांदा मी ते पुस्तक शेजारच्या आजोबांना दिलं. त्यांनी चार दिवसांत संपवून डोळे पुसत परत आणून दिलं आणि ‘वा, काय लिहिलंय!’ म्हणाले. पुस्तक चांगलंच होतं, पण आमचं काही जमलं नाही. स्थळं नाही का नाकारत आपण?

फक्त सोडलेलं पुस्तक रद्दीत टाकू नका. काही पुस्तकं दहा वर्षांनी स्वतःहून हाक मारतात.

एकच पुस्तक दोनदा वाचण्यात काय अर्थ? शेवट तर माहीत असतो.

शेवटासाठी वाचत असाल तर खरंच अर्थ नाही. मी ‘कोसला’ पहिल्यांदा १९ व्या वर्षी वाचली. नेमाड्यांनी ती लिहिली तेव्हा तेही पंचविशीतलेच होते, पुस्तक आलं १९६३मध्ये. सांगवीहून पुण्याला शिकायला आलेला पांडुरंग सांगवीकर, त्याचं होस्टेल, खाणावळीचे हिशेब, वडिलांशी वैर. मी तेव्हा हॉस्टेलवरच होते. हसून हसून पुरेवाट झाली. आमच्या खोलीत महिनाभर सगळ्याजणी ‘वगैरे वगैरे’ करत तशाच बोलायच्या. त्यात त्याची धाकटी बहीण मनी देवीच्या आजाराने दगावते. ती पानं मी वाचली असणारच. काही आठवत नव्हतं.

दुसऱ्यांदा वाचली तेव्हा मी ४१ वर्षांची, मुलगी ९ वर्षांची. सकाळच्या गाडीत, मुलुंडच्या आसपास, मनीची ती पानं आली. मी पुस्तक मिटलं. पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं. दादरला एका बाईने न बोलता मला बसायला जागा दिली, तिला वाटलं मला चक्कर आली. ऑफिसात पोचल्यावर पहिल्यांदा घरी फोन करून पोरगी शाळेत गेली का विचारलं.

पुस्तकाची आवृत्ती वेगळी होती, बाकी अक्षर न् अक्षर तेच. तिसऱ्यांदा अजून वाचलेली नाही. या खेपेला बहुतेक मी वडिलांच्या बाजूने होईन, अशी भीती वाटते.

वाचायला देता का एखादं?

देते. पण वहीत नाव, तारीख आणि पुस्तक लिहून, आणि तुमच्यासमोर लिहून. यात अपमान मानू नये.

जुन्या पोथ्यांच्या शेवटच्या पानावर एक श्लोक असायचा: ‘तैलाद्रक्षेत् जलाद्रक्षेत् रक्षेत् शिथिलबन्धनात् । मूर्खहस्ते न दातव्यं एवं वदति पुस्तकम् ॥’ तेलापासून राख, पाण्यापासून राख, सैल बांधणीपासून राख आणि मूर्खाच्या हाती देऊ नकोस, असं पुस्तकच सांगतं. हातांनी पोथ्या उतरवून काढणाऱ्यांनी हे लिहिलं आहे, म्हणजे दुखणं जुनं. माझ्या एका कवितासंग्रहावर परत येताना आमटीचा ओघळ होता, हळद गेलीच नाही. एक कादंबरी कुणीतरी पोराच्या प्रोजेक्टसाठी मुखपृष्ठ कापून परत केली. ‘आतलं सगळं आहे हो,’ असं वर सांगितलं. वहीतल्या नोंदींप्रमाणे आजच्या तारखेला माझी २३ पुस्तकं लोकांकडे आहेत. सगळ्यात जुनी उधारी १९९७ची. त्या बाई आता सुनेसह कॅनडात असतात, पुस्तकही तिथेच असावं. सुखी असो.

अनुवाद वाचावेत का? मूळ भाषेतलं ते मूळ भाषेतच ना?

माझं इंग्रजी कचेरीच्या पत्रव्यवहारापुरतं, कन्नड शून्य. अनुवाद नसते तर कन्नड कादंबरीकार भैरप्पा मला कुठून भेटले असते? उमा कुलकर्णींनी त्यांना मराठीत आणलं, आणि कसं आणलं ते ऐकण्यासारखं आहे. उमाताईंना कन्नड लिपी वाचता येत नाही. त्यांचे यजमान विरूपाक्ष कन्नड पुस्तक वाचून टेप करून ठेवत, आणि त्या ते ऐकून मराठीत लिहीत. एका घरात एकाने वाचायचं आणि दुसऱ्याने ऐकून लिहायचं, असं वर्षानुवर्षं. ‘पर्व’ वाचताना मला काही जागी एक बोलता आवाज ऐकू यायचा, त्याचं कारण मला हे नंतर कळल्यावर सापडलं. निदान मी तसं मानते.

वाईट अनुवाद ओळखायची माझी एक खूण आहे. पात्रं सारखी ‘खांदे उडवतात’. आपल्याकडे एवढे खांदे कोण उडवतं?

मोबाइलवर ऐकलेलं वाचनात धरता का?

न धरायला मी कोण? आमच्या आजोळी चातुर्मासात पोथी लागायची. आजोबा वाचायचे, अर्धा वाडा ऐकायचा, बायका वाती वळता वळता. आजीला अक्षरओळख बेताची होती, पण तिला जेवढ्या ओव्या येत होत्या तेवढ्या मला अजून येत नाहीत. श्रवण हा आपल्याकडे भक्तीचा पहिला प्रकार. मला मात्र ऐकताना झोप लागते, हा माझा दोष.

वाचनालयं चालतात का अजून?

चालतात, पाय ओढत. आपल्याकडची परंपरा मात्र दांडगी आहे. रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय १८२८चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चं, मुंबईचं १८९८चं. १९६७मध्ये राज्याचा सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला, तेव्हापासून मान्यताप्राप्त वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग आणि वर्गाप्रमाणे अनुदान. बहुतेकांचा संसार त्यावर आणि वर्गणीवर चालतो. काउंटरमागच्या माणसाला मिळणारं मानधन विचारायला मला धीर झालेला नाही.

आम्ही ‘वाचनालयात जाते’ असं म्हणत नाही, ‘पुस्तक बदलायला जाते’ म्हणतो. दिवाळीनंतरचे तीन महिने तिथे दिवाळी अंकांची योजना असते. एकदाच वर्गणी भरायची आणि अंक बदलून बदलून न्यायचे. १९०९मध्ये का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तिथून हे वेड लागलं ते अजून सुटलेलं नाही. त्या काळात काउंटरवर जी वादावादी होते, ती सोसायटीच्या पार्किंगवरूनही होत नाही.

वाचनालयाच्या पुस्तकाचं खरं सुख म्हणजे आधीचे वाचक. समासात पेन्सिलीने ‘सहमत’, ‘बायकांना काही कळत नाही’, त्याखाली वेगळ्या अक्षरात ‘तुम्हाला कळतं वाटतं!’ शेवटच्या पानावर ‘शेवट फसला.’ आणि मग त्या खुणा. नेमाने येणारी म्हातारी माणसं एखादं पान ठरवून त्यावर आपली छोटीशी खूण करतात, म्हणजे वाचलेलं पुस्तक चुकून पुन्हा घरी नेलं जात नाही. ग्रंथपाल रागावतात, पण खोडरबर घेऊन बसत नाहीत. कुणाचं टिंब असतं, कुणाची आद्याक्षरं. आमच्या वाचनालयात एकाची खूण १७ व्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात असते, पेन्सिलीने काढलेलं एवढंसं तुळशीवृंदावन. कौलारू कोकणी कादंबऱ्यांत ते आहे, रहस्यकथांत आहे, प्रवासवर्णनांत आहे. मी उचलते त्या जवळजवळ प्रत्येक पुस्तकात ही व्यक्ती माझ्या आधी जाऊन आलेली असते. ते बाई आहेत की बुवा, अजून हयात आहेत की नाहीत, कुणाला ठाऊक नाही.

पुस्तकांना कसर लागते. काय करायचं?

या एका प्रश्नाचं उत्तर मला छातीठोक देता येतं. ती रुपेरी, चपळ कसर मजकुरासाठी येत नाही, बांधणीतल्या खळीसाठी आणि ओलीसाठी येते. म्हणून न्हाणीघराच्या भिंतीला लागून कपाट ठेवू नका, आणि कपाटाची पाठ भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. पावसाळा सरून ऑक्टोबरचं ऊन पडलं की सगळी पुस्तकं खाली काढून, झटकून, दिवसभर सावलीतल्या वाऱ्याला उभी ठेवा. थेट उन्हात नको, पुठ्ठे वाकतात आणि रंग उडतो. मी फळ्यांच्या कोपऱ्यांत वेखंडाची पूड फडक्यात बांधून ठेवते, आजी वाळलेला कडुनिंब ठेवायची. प्लास्टिकची कव्हरं घालून घट्ट बंद करू नका, आत दमटपणा कोंडला की बुरशी धरते. वाळवी लागली असेल तर हे सगळं विसरा आणि माणूस बोलवा.

पानं पिवळी पडतात त्याला इलाज नाही. स्वस्त कागदात लाकडाच्या लगद्यातलं लिग्निन राहिलेलं असतं, हवा-उजेडाने ते पिवळं पडतं, आणि कागदातलं आम्ल त्याला ठिसूळ करतं. सत्तरच्या दशकातल्या माझ्या काही कादंबऱ्यांचं पान आता दुमडलं की पापडासारखं तुटतं. त्या मी हातावर ठेवून वाचते, कर्जतच्या गाडीत नेत नाही.

मुलांना वाचायची गोडी कशी लावायची?

माझ्या मुलीला लागली नाही. पुढचा प्रश्न.

पुस्तकं किती महाग झालीत!

झालीत. म्हणून वाचनालय, म्हणून फोर्टच्या पदपथावरची जुनी पुस्तकं. तिथे मी साठ रुपयांना घेतलेल्या एका कादंबरीच्या पहिल्या पानावर लिहिलं होतं, ‘सौ.स, पहिल्या दिवाळसणाला. नीट वाच, मग भांडू.’ खाली सही, साल १९७१. पुस्तक १९७१पासून पदपथापर्यंत कसं आलं असेल, या विचारात माझी घाटकोपरपर्यंतची वाट सरली. आतली कादंबरी साधारणच निघाली.

वाचताना रडता का?

हो. पुढचा प्रश्न.

सध्या काय वाचताय?

एक जुनी, आता छापून न येणारी कादंबरी. नाव सांगत नाही, कारण सांगितलं की कुणीतरी शेवट सांगेल. वाचनालयाची प्रत आहे, मधे केव्हातरी पुन्हा बाइंडिंग केलेली. नायिकेचा भाऊ बारा वर्षांनी दारात उभा राहतो आणि ती कडी काढायला उठते, तिथे २२४ वं पान संपतं. समोरच्या पानावर आकडा २४१. बाइंडरकडून एक अख्खा फर्मा गळला आहे, सोळा पानं. २४१ वर भाऊ नाही आणि नायिकेच्या हाताला पट्टी आहे.

ग्रंथपाल म्हणाले, दुसरी प्रत रजिस्टरमध्ये ‘गहाळ’ आहे. पुढे वाचा हो, कळेल संदर्भाने. मी वाचलं नाही. २२४ आणि २४१च्या मधे बसचं तिकीट घालून ठेवलं आहे, आणि मुदत दोनदा वाढवून घेतली आहे.

१७ व्या पानावर तुळशीवृंदावन आहे. म्हणजे त्या माणसाने हे वाचलं आहे, आणि खूण इतकी फिकट आहे की बहुधा बाइंडिंगच्या आधी. तेव्हा सध्या शनिवारी संध्याकाळी मी काउंटरजवळच्या बाकावर बसते. पुस्तक बदलायला आलेलं कुणी हातातलं पुस्तक सरळ १७ व्या पानावर उघडतंय का, ते बघत.